टोपलीभर तांबडी माती

आखाड्याला लागणाऱ्या सामानाची यादी मी दर दिवाळीनंतर नव्याने लिहीत असे. तिळाचं तेल, हळद, काव, ताकाची मडकी, फावडी, लंगोटाचं कापड, मारुतीचा शेंदूर. सगळ्यात शेवटी माती, कारण खटपट तिचीच जास्त. वऱ्हाडात काळ्या मातीला काय तोटा, पण ती कापसाच्या कामाची, कुस्तीच्या नाही. पावसात ती पाय धरून ठेवते, उन्हाळ्यात तिचा दगड होतो. आमच्या कुस्तीच्या हौदातली तांबडी माती बैलगाडीने मेळघाटच्या उतारावरून येई. मी ती चाळून घेई, तीत तेल, ताक, हळद मुरवून ठेवी, आणि मग दादा तीत पाय घाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठाला आमचा आखाडा होता. दादा वस्ताद होता आणि बाकी सगळं मी होतो. कोण कधी आलं, कोणाचा खांदा दुखावला, कोणाच्या बापाला भेटायचं, दिवा कोण लावणार, हे माझ्याकडे. वहिनी म्हणायची, "भाऊजी, तुमी नसते तर हे पैलवान लंगोट शोधत घरभर फिरले असते."

आखाडा हा धंदा नव्हे असं गावात मानत. गल्लोगल्लीचे आखाडे मारुतीच्या देवळाला लागून असत आणि तिथे कोणी काही मागत नसे. आम्ही मागत होतो. जात माळ्याची, पण मळा चुलत्यांच्या वाट्याला गेला. आमच्याकडे शहराबाहेर एक कोरडवाहू वावर तेवढं उरलं होतं, तेही बटाईने दिलेलं. पोट आखाड्यावरच होतं. कापसाच्या अडत्यांची पोरं, सरकी काढायच्या जिनातले बाबू, कचेरीतले कारकून येत आणि महिन्याचं ठरलेलं देत. कोणी ज्वारी देई, कोणी तूप. "मारुतीच्या नावानं दुकान लावलं पोट्ट्यायनं," असं लोक बोलत. दादाला ते लागे. मला नाही. दुकान तर दुकान, मी म्हणे, पण झाडलेलं आहे.

मातीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दादा अमरावतीला ज्यांच्याकडे शिकला त्या वस्तादांनी निघताना त्याला आपल्या हौदातली टोपलीभर माती दिली होती. बडनेऱ्याला गाडी बदलून, टोपली मांडीवर धरून तो अकोल्याला आला. नव्या हौदात आधी ती माती पडली, मग गाडीने आलेली. दुधाला विरजण लावावं तसं. त्या वस्तादांनीही ती त्यांच्या वस्तादांकडून आणलेली होती. ही माती मागे कुठपर्यंत जाते हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिच्यावाचून भरलेला हौद म्हणजे नुसता खड्डा, यावर सगळ्या आखाड्यांचं एकमत होतं. मीही त्यात कधी शंका काढली नाही.

त्या हिवाळ्यात कापसाच्या बाजारामागे उंदीर पडले. त्याआधीही वऱ्हाडात प्लेग येऊन गेला होता, त्यामुळे पडलेला उंदीर म्हणजे काय हे पोराबाळांनाही कळत होतं. आठवडाभरात दवंडी फिरली. शाळा बंद, आठवडी बाजार बंद, तमाशे आणि आखाडे बंद, आणि आमच्या बाजूच्या सगळ्या लोकांनी घरं सोडून रानात झोपड्या घालाव्यात. म्युनिसिपालटीचा जमादार आखाड्याला कुलूप घालायला आला तेव्हा दादा हौदाच्या कडेला उभा होता. जमादार कधीकाळी आमच्याकडेच चार महिने जोर काढून गेलेला माणूस.

"पैलवान, निघा आता. छपराचे कवेलू उतरवायचे हायेत. ऊन लागलं पाह्यजे आत."

"कवेलू उतरव. हौदात काय टाकून राहिला?"

"फिनेल टाकीन, चुना टाकीन. साहेबाचा हुकूम हाये."

"मातीत चुना टाकल्यावर त्यात पोट्टे लोळतीन काय?"

"पोट्टे राह्यले तर लोळतीन," जमादार म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नसावं. तो हळू म्हणाला, "उद्या सकाळी टाकतो. आज तुमी तुमचं आवरून घ्या."

आम्ही आवरलं. गाडीत काय भरायचं ते मी सांगत होतो आणि वहिनी मला न विचारता जास्तीचं भरत होती. मुद्गलांच्या जोड्या, भांडी, गोधड्या, धान्य. दादाने मारुती मात्र कोणाच्या हातात दिला नाही. टोपलीत ठेवून, वर फडकं बांधून, ती टोपली त्याने गाडीत स्वतःच्या मांडीवर घेतली. देवाला आम्ही धान्यावर बसवून नेतो. खाली गहू असतील असं मी धरून चाललो.

झोपडी आमच्याच वावरात घातली, रेल्वेच्या रुळांपलीकडे. ज्वारी निघालेली होती आणि धसकटं उभी होती. आजूबाजूच्या वावरांत अर्धं जुनं शहर येऊन पडलेलं. कुडाच्या, तुराट्यांच्या, गोणपाटाच्या झोपड्या. ज्यांची ऐपत होती त्यांचे तंबू. आमच्या पलीकडच्या वावरात एका कापसाच्या अडत्याचे तंबू होते. त्याचे दोन्ही मुलगे आमच्याकडे येत आणि आमच्या आखाड्याचा सगळ्यात मोठा आधार तोच. त्याला सगळे शेठ म्हणत.

पहिले काही दिवस दादा पहाटे उठून बसे आणि मग त्याला आठवे की उठून जायला जागा नाही. तो धसकटांवर अनवाणी येरझारा घाली. जेवण अर्धं टाकी. एवढा मोठा माणूस झोपडीत वाकून शिरे आणि तसाच वाकलेला राही. घरात ज्वारी किती आणि ती कधीपर्यंत पुरेल हे मी रोज पाहत होतो. शहर कधी उघडेल ते कोणी सांगत नव्हतं, आणि उघडल्यावर लोक आपली पोरं दुसऱ्याच्या घामाच्या मातीत पाठवतील का हा प्रश्न त्याहून मोठा होता.

माझी सवय अशी की काही सुचेनासं झालं की कागदाचे दोन भाग करायचे. एका बाजूला मी लिहिलं, ज्यात अंगाला अंग लागतं: कुस्ती, मालिश. दुसऱ्या बाजूला, ज्यात लागत नाही: जोर, बैठका, नमस्कार, मुद्गल, धावणं. दुसरी बाजू लांब निघाली. मी दादाला म्हटलं, आखाडा लोकांकडे नेऊ. प्रत्येकाने आपलं गोणपाट आणावं, आपल्या जागी उभं राहावं, मध्ये हातभर नव्हे, माणूसभर अंतर. तू समोर उभा राहून मोजायचं.

दादा म्हणाला, "वस्ताद लोकायच्या दारी जात नाई. लोक वस्तादाच्या दारी येतात. मी काय भाजीची पाटी घेऊन फिरू काय झोपडीझोपडीनं?"

चुलीपाशी भाकरी थापत असलेली वहिनी मान वर न करता म्हणाली, "पाटीले काहून नावं ठेवता? तुमच्या मायनं पाटीच डोक्यावर घेतली म्हून तुमाले दूध भेटलं. नाई तर पैलवान कोठून झाले असते."

दुसऱ्या दिवशी दादाने अंगरखा घातला, फेटा बांधला आणि शेठच्या तंबूकडे निघाला. मी दोन पावलं मागे, मुद्गल घेऊन.

शेठ तंबूबाहेर बाजेवर बसून कंटाळला होता. पेढी बंद, सौदे बंद, सकाळपासून खाणं चाललेलं. दादाने सांगितलं तसं त्याचं तोंड उजळलं.

"पोट्ट्यायचं ठीक हाये पैलवान, पन माह्यं काय? मले कराले लावता काय?"

"तुमी बसा शेठजी, पाहा."

"बसून बसून तर हे झालं," शेठ पोटावर हात ठेवून म्हणाला आणि उठला.

पहिल्या दिवशी शेठ तिसऱ्या बैठकीला खाली बसला तो बसलाच. "वर येनं हे बी यातच धरता काय?" त्याने विचारलं. सगळे हसले. प्लेगाच्या वस्तीत इतकी माणसं एकदम हसलेली मी त्यानंतर पुन्हा पाहिली नाहीत. दादाही हसला. मी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघांत माणसं वाढत गेली. कारकून आले, एक म्हातारे वकील आले, दोन वावरं सोडून राहणारे गुजर व्यापारी आले. आम्ही सकाळी एका वावरात, संध्याकाळी दुसऱ्या वावरात. जो प्लेगाची ताजी टोचणी घेऊन आला असेल त्याला तीन दिवस जोर काढायचे नाहीत, हा नियम मी घातला, कारण दंड सुजे. ज्यांना जास्त जमत नसे त्यांना दादा नुसता श्वास घ्यायला आणि मान फिरवायला शिकवी. ज्वारी येऊ लागली, डाळ येऊ लागली. आखाडा उघडा असताना येत नव्हते ते लोकही येऊ लागले, कारण इथे लंगोट लावायचा नव्हता आणि कोणी उचलून आपटणार नव्हतं. मी रात्रीची झोप घेऊ लागलो.

दादा घेत नव्हता. एकदा मुद्गल पुसता पुसता तो म्हणाला, "हे कवायत हाये. आखाडा नाई."

"पोट भरून राहिलं ना?"

"पोट तर जिनातला हमालही भरते. मले वस्तादानं कुस्ती देली. माती सुटली तर पोट्ट्यायच्या अंगातून ते निघून जाईन. तुले समजणार नाई. तू कधी हौदात उतरला काय?"

मी उतरलो नव्हतो हे खरं. मी म्हटलं, "शहर उघडलं की उतरतील. तोवर धीर धर."

एका सकाळी झोपडीमागे फावड्याचा आवाज आला. दादाने खड्डा खणला होता. काळी माती बाजूला ढीग करून ठेवली होती आणि रेल्वेच्या उताराकडून गाडीने आणलेला तांबडा मुरूम तो चाळत होता. वहिनीकडून ताक घेऊन झालं होतं, तेलही. मी वाद घातला. अंगाला अंग लावायचं नाही हाच तर आपला धंदा आहे आता, मी म्हटलं, लोक त्यावरच विश्वास ठेवून येतात. तो म्हणाला, फक्त दोघंतिघं, टोचून घेतलेले, धडधाकट. नवा मुरूम, उघड्यावरची जागा, वर ऊन. यात रोग कोठून येईल? त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा रंग आला होता. मी वाद सोडला. हौद भरल्यावर माझ्या मनात एवढंच आलं की मुरूम ओला झाल्यावर अपेक्षेपेक्षा गडद दिसतो.

शेठचा थोरला मुलगा आणि आणखी दोघं तिथे कुस्ती खेळू लागले. वस्तीला ते ठाऊक होतं, कोणी नाक मुरडलं नाही. उलट संध्याकाळी कडेला उभे राहून लोक पाहत.

फाल्गुनाच्या सुरुवातीला एका सकाळी शेठचा थोरला आला नाही. दुपारी कळलं, त्याला ताप भरला आहे आणि जांघेत गाठ आली आहे.

त्या वर्षी वऱ्हाडात हे शब्द ऐकल्यावर पुढचं काही विचारायचं राहत नसे. सरकारी डॉक्टरचा माणूस आला आणि पोराला बाजेवर घालून आजाऱ्यांच्या छपरीत घेऊन गेला. त्याची आई तंबूत ओरडत होती. आमच्या रेघांत संध्याकाळी एकही माणूस आला नाही. फक्त शेठ आला. आमच्या कुंपणाच्या बाभळीच्या फांदीशी तो थांबला, आत आला नाही.

"पैलवान, खरं सांगा. हौदात माती कोठची हाये?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मुरूम, रेल्वेच्या उताराकडचा. दादा त्याआधी बोलला.

"मुरूम हाये. अन् टोपलीभर जुन्या आखाड्यातली."

"उंदीर पडले त्या आखाड्यातली?"

"चुना टाकायच्या आधी घेतली होती. वस्तादाची माती हाये शेठजी. तिच्याबिगर हौद होत नाई."

शेठ शिव्या देईल असं मला वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "माह्या पोराले तुमी त्याच्यात लोळवलं." आणि परत गेला.

मागच्या झोपड्यांतून लोकांनी ऐकलं होतं. रात्रीपर्यंत ते सगळ्या वावरांत पसरलं. ज्यांनी आमच्याकडून मुद्गलांची जोडी नेली होती त्यांनी ती बाहेरूनच कुंपणाच्या आत टाकली. एका म्हाताऱ्याने आपलं गोणपाट आमच्यादेखत जाळलं. मारुतीची टोपली मला आठवली. ती दादाच्या मांडीवर होती आणि खाली गहू नव्हते.

मी दादाला विचारलं, "तुला कळत नव्हतं काय?"

"कळत होतं. मातीले रोग होत नाई असं वाटत होतं," तो म्हणाला.

अमरावती ते अकोला सगळ्या आखाड्यांत कोणालाही विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. रोज मारुतीपुढे पुजलेली, ताका-तेलात मुरलेली, पिढ्यांच्या घामाची माती. तिने अंगाचे फोड बरे होतात म्हणून लोक ती घरी नेत. दादाने चोरी केली नव्हती, त्याच्या हिशेबाने त्याने घर जळताना देव बाहेर काढला होता.

पण ती माती त्याने रोज अनवाणी खालीवर केली होती, वहिनीने तीत ताक ओतलं होतं. मी दोघांना काखा आणि जांघा चाचपायला सांगितल्या, स्वतःच्याही चाचपल्या. रोज सकाळी सांगत राहिलो. वहिनी चिडून म्हणाली, "भाऊजी, आता तुमी माह्या मरनाचीही यादी करून ठेवा." पण चाचपत होती.

दादा ते दिवस हौदाच्या कडेला बसून काढत होता. आत पाय घालत नव्हता. छपरीकडे जाणारा-येणारा कोणी दिसला की उभा राही, मग न विचारताच पुन्हा बसे. मी विचारून येई. ताप आहे. ताप आहे. आज शुद्धीत बोलला. धंद्याचं काय होईल हा विचार माझ्या डोक्यात होता, खोटं कशाला सांगू. पण दादाकडे पाहिलं की कळे, पोरगा गेला तर या माणसाला परत उभं करणारी कोणतीच युक्ती माझ्याकडे नाही.

पोरगा गेला नाही. बातमी जमादार घेऊन आला. दुरूनच त्याने हात हलवला.

"पैलवान, अवधान होतं, अवधान. पायाच्या जखमेनं जांघेत गाठ येते ना, तसं. टाचेत बाभळीचा काटा मोडून पिकला होता. डाक्टरनं फाडून काढला, घान निघाली, गाठ उतरून राहिली. काट्याच्या गाठीले लोकायनं प्लेग केला."

वहिनीने तिथल्या तिथे खाली बसून तोंडाला पदर लावला. मला एकदम इतकी भूक लागली की लाज वाटली. मी मनात लगेच कामं लावायला घेतली. शेठला भेटायचं, जमादाराकडून सगळ्या वावरांत सांगवायचं, रेघा पुन्हा मारायच्या. दादा म्हणाला, "काटा कुठे लागला त्याले?"

"ते मले काय ठावं. रानात काटे काय कमी हायेत?"

दादाने मान हलवली आणि फावडं उचललं.

त्याने हौद उपसायला घेतला. मला वाटलं, लोकांना दाखवण्यासाठी. मी म्हटलं, "चांगलं, सगळ्यांसमोर उपस, नवा मुरूम आणू." तो म्हणाला, "नवा नाई आणायचा." टोपल्यांनी ती सगळी तांबडी माती त्याने आमच्या वावराच्या दूरच्या कोपऱ्यात नेली आणि काळ्या जमिनीवर पातळ पसरली. मला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत कोपरा लाल झाला.

"अवधान होतं ना पण दादा," मी म्हटलं.

"त्या पोराले अवधान होतं. मातीत काय होतं ते डाक्टरनं पाह्यलं नाई. कोणीच पाह्यलं नाई." थोड्या वेळाने तो म्हणाला, "ते अवधान निघालं हे माह्यं नशीब. मी तर मरनात टाकलंच होतं त्याले."

उन्हाळा लागल्यावर शहर उघडलं. आखाड्याचे कवेलू परत चढवले. हौदात चुन्याने पांढरी झालेली माती होती, ती म्युनिसिपालटीच्या गाडीने गेली. दादाने तो खड्डा मुरूम ठोकून बुजवला आणि वर शेणाने सारवून घेतला. मधोमध मल्लखांब पुरला. बाकीच्या जागेत मी पुन्हा रेघा मारल्या, या वेळी गेरूने. ज्याचं त्याचं गोणपाट, ज्याची त्याची मुद्गलांची जोडी, खुंटीवर ज्याचं त्याचं नाव. लोक लगेच आले नाहीत. आधी म्हातारे वकील आले, मग दोन कारकून. शेठने निरोप पाठवला की पोरगा बरा आहे आणि वस्तादांविषयी मनात काही नाही. मुलांना मात्र पाठवलं नाही.

असं चाललेलं असताना अमरावतीहून एक माणूस आला. पन्नाशीचा, कान मोडलेला पैलवान, दादाचा गुरुबंधू. दारातून आत आला आणि मल्लखांबाकडे पाहत उभा राहिला.

"हौद कुठी हाये?"

"बुजवला," दादा म्हणाला. "बसा, दूध घ्या."

तो बसला, पण दूध हातातच राहिलं. तिकडेही प्लेग झाला होता. वस्तादांच्या हौदातली माती उपसून नेली होती, कुठे टाकली तेही कोणाला ठाऊक नव्हतं. वस्ताद आता थकले होते, पण डोळे मिटायच्या आधी हौद भरून ठेवायचा त्यांचा हट्ट होता.

"वस्ताद म्हनले, आपली माती अकोल्याले हाये. जा अन् टोपलीभर घेऊन ये." त्याने सोबत टोपलीही आणली होती. नवी, बांबूची, आतून सारवलेली.

मीच सगळं सांगितलं. उंदरांपासून काट्यापर्यंत. पाहुण्याने ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मंग तर झालं. अवधान होतं. वावरात हाये ना माती? चला, उचलून आणू."

आम्ही तिघं वावरात गेलो. दुपारचं ऊन होतं. काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि त्या कोपऱ्यात तांबडी माती बरीचशी भेगांत उतरली होती, तरी वरचा थर हाताने गोळा करण्याजोगा होता. पाहुणा उकिडवा बसला आणि त्याने हात पुढे केला.

"उचलू नका," दादा म्हणाला.

"काहून गा?"

"नका उचलू. तुमच्या हौदात पोट्टे उतरतीन."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, दादा, उन्हात दोन महिने पडली आहे, आणखी वाळवू. तव्यावर भाजून घेऊ. लोहाराच्या भट्टीत घालू, मग त्यात काय राहील? यादी करायला मला वेळ लागत नाही. दादाने प्रत्येक उपायाला मान हलवली, नाही, नाही, नाही.

"भाजलेली माती विरजनाच्या काय कामाची?" तो म्हणाला. "अन् न भाजलेली मी देनार नाई."

पाहुणा उठला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण बोलणं टोचणारं होतं. "वस्तादानं देलेली माती तू मांडीवर घेऊन आनली. आज म्हातारा मागून राहिला तर तुह्यापाशी नाई. काय सांगू त्याले?"

"सांगा, मी विरजन नासवलं."

तो रिकामी टोपली घेऊन स्टेशनकडे गेला. मी थोडं अंतर सोबत चाललो, जेवून जा म्हटलं. तो म्हणाला, "तुमच्या भावाले सांभाळा." पुढे कळलं की तिकडचा हौद मेळघाटच्या नुसत्या नव्या मातीने भरला, आणि वस्ताद एकदा कडेला येऊन बसले, आत उतरले नाहीत. दादाने त्यांना भेटायला जायचं दोनदा ठरवलं. एकदा तर तिकीट काढून परत आला. त्यांच्या तेराव्याला मात्र गेला, आणि मागे बसून परतला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची जागा चालते. खरं सांगायचं तर आखाडा कधी चालला नव्हता इतकी चांगली चालते. अकोल्यात आता अशा आणखी दोन जागा निघाल्या आहेत आणि रेघा मारायची पद्धत त्यांनी आमचीच उचलली आहे. कोणी दादाला वस्ताद म्हटलं की तो मोजणं थांबवत नाही, पण त्या हाकेला ओही देत नाही.

वावरातला तो कोपरा अजून तांबूस दिसतो. पाऊस पडून गेला की जास्तच. बटाईवाला दरवर्षी कुरकुर करतो की तिथली ज्वारी बुटकी येते, आतून मुरूम वर येतो, एकदा नांगर खोल घालून उलथून टाकू. त्याचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून पेरणीआधीच्या कामांत मी दरवर्षी लिहितो: वावराचा दूरचा कोपरा, खोल नांगरट. आणि दरवर्षी दादा बांधावर येऊन उभा राहतो, कोपरा जवळ आला की हात वर करतो, बैल वळतात. ते काम मी खोडत नाही, पुढच्या वर्षीच्या यादीत उतरवून घेतो.